फितीवर न मावलेले

कॅसेटच्या वेष्टनावरची यादी आणि आतल्या फितीवरचे प्रत्यक्ष संगीत यांत तफावत असणे ही तशी किरकोळ बाब. उसनी तबकडी फितीवर उतरवून घेणाऱ्या पिढीला अशा तफावतींची सवय होती. तबकडी एका लांबीची, फीत दुसऱ्या लांबीची. जे मावले नाही ते सुटले. परंतु अशाच एका तफावतीने जुन्या मराठी वाङ्मयाच्या एका अध्यापकाला जवळजवळ चाळीस वर्षे गुंतवून ठेवले, आणि 'मूळ', 'पूर्ण', 'त्रुटित', 'प्रक्षिप्त' या ज्या शब्दांच्या आधारे तो वर्गात पाठचिकित्सा शिकवीत असे, त्या शब्दांचा त्याच्यापुरता अर्थ हळूहळू बदलून टाकला.

फीत १९८३ सालची. त्याचा थोरला भाऊ व्यापारी जहाजावर अभियंता होता. जॅझची गोडी त्याला बंदराबंदरांतून लागलेली. गिरगावातल्या घरात ती कोणाच्याच परिचयाची नव्हती. त्या वर्षी जहाज दुरुस्तीसाठी रॉटरडॅमच्या गोदीत असताना दादाने एका मित्राच्या घरी त्याची एक तबकडी फितीवर उतरवली आणि मुंबईला येणाऱ्या एका सहकाऱ्याबरोबर ती धाकट्या भावासाठी पाठवून दिली. धाकटा तेव्हा एम.ए.च्या परीक्षेची तयारी करीत होता. साठ मिनिटांची फीत, म्हणजे एका बाजूस तीस मिनिटे. वेष्टनावर दादाच्या टपोऱ्या अक्षरात सहा नावे होती: 'माय फूलिश हार्ट', 'वॉल्ट्झ फॉर डेबी', 'डीटूर अहेड', 'माय रोमान्स', 'सम अदर टाइम', 'माइलस्टोन्स'. फितीवर त्यांपैकी पहिल्या चार रचना पूर्ण होत्या. पाचवी, 'सम अदर टाइम', सुमारे तीन मिनिटांनी तुटत असे, पियानोचे एक वाक्य अर्धे उच्चारलेले असतानाच. त्यापुढे फितीच्या टोकाची निःशब्द पट्टी आणि यंत्राची कळ उडाल्याचा आवाज. सहाव्या रचनेचा मागमूसही नव्हता.

यादी नसती तर ती फीत त्याला अपुरी वाटलीच नसती, हे त्याच्या लक्षात यायला काही वर्षे लागली. चार रचना आणि मध्येच विझणारी पाचवी, एवढेच त्याने संपूर्ण म्हणून स्वीकारले असते. उणीव संगीतात नव्हती, ती यादीने निर्माण केली होती. जॅझच्या संग्राहकांमध्ये ज्याला डिस्कॉग्राफी म्हणतात, म्हणजे कोणत्या दिवशी, कोणत्या वादकांनी, कोणत्या रचनेचे किती टेक वाजवले आणि त्यांपैकी कोणते कोठे प्रसिद्ध झाले यांची काटेकोर सूची, तिचे कार्य वस्तुतः हेच असते. काय आहे हे ती सांगतेच. पण काय असावयास हवे होते आणि नाही, तेही तीच प्रथम सांगते. हस्तलिखितांच्या अभ्यासकाला हे नवे नाही. पोथीच्या अनुक्रमणिकेत नोंदलेले प्रकरण आत नसले, की तेथूनच त्याचा शोध सुरू होतो.

ही तबकडी कोणत्या ध्वनिमुद्रणातून निघाली, ते त्याला पुढे कळले. २५ जून १९६१, रविवार. न्यूयॉर्कमधील व्हिलेज व्हॅनगार्ड या तळघरातल्या क्लबात पियानोवर बिल एव्हान्स, बेसवर स्कॉट लफारो आणि ड्रम्सवर पॉल मोशन यांनी दुपारी दोन आणि संध्याकाळनंतर तीन अशा पाच बैठकी वाजवल्या. निर्माता ओरिन कीपन्यूज याने रिव्हरसाइड या कंपनीसाठी त्या सर्व मुद्रित करवून घेतल्या. त्यानंतर अकराच दिवसांनी, ६ जुलै रोजी, लफारो मोटार अपघातात मरण पावला. त्याचे वय पंचवीस होते. या मृत्यूमुळे त्या दिवसाच्या फितींकडे पाहण्याची दृष्टीच पालटली. पहिली तबकडी 'संडे अॅट द व्हिलेज व्हॅनगार्ड' निवडली गेली ती लफारोचे वादन ठळकपणे पुढे यावे अशा बेताने. तिची सुरुवात त्याच्या 'ग्लोरियाज स्टेप'ने होते आणि शेवट त्याच्याच 'जेड व्हिजन्स'ने. निवड हीच येथे श्रद्धांजली होती. दुसरी तबकडी 'वॉल्ट्झ फॉर डेबी' १९६२ साली निघाली, ती उरलेल्या सामग्रीतून. म्हणजे दादाने फितीवर उतरवून घेतलेले संगीत हे एका अर्थी पहिल्या निवडीतून मागे राहिलेले संगीत होते. पुढे अनेक रसिकांनी याच तबकडीला या त्रयीची सर्वांत जिव्हाळ्याची तबकडी मानले, ही गोष्ट निवड आणि मूल्य यांच्या परस्परसंबंधाविषयी पुरेशी बोलकी आहे.

तबकडी मुंबईत त्या काळी सहजी मिळण्यासारखी नव्हती. ऐंशीच्या दशकात काळा घोड्याजवळच्या ऱ्हिदम हाउसमध्ये (ते २०१६ साली बंद झाले) किंवा रस्त्याकडेच्या जुन्या तबकड्यांच्या ढिगात तो चाळत असे. तुटलेल्या गाण्याऐवजी इतरच गोष्टी हाती लागत. त्यांतली एक म्हणजे माइल्स डेव्हिसची 'काइंड ऑफ ब्लू'. १९५९ सालच्या या तबकडीवर पियानो बहुतांशी एव्हान्सचा आहे, एवढ्याच कारणासाठी त्याने ती घेतली. दुसऱ्या बाजूची अखेरची रचना सुरू झाली आणि तो चमकून उठला. डाव्या हातात आळीपाळीने येणारे दोनच स्वरसंघात, पाळणा हलावा तसे. तीच संथ येरझार, तोच अर्धवट सोडलेला निःश्वास. फितीवर तुटलेले गाणे येथे दुसऱ्याच नावाने, दुसऱ्याच तबकडीवर चालू झाले होते. नाव होते 'फ्लॅमेन्को स्केचेस'.

ओळख भासाची नव्हती. 'सम अदर टाइम' हे लेनर्ड बर्नस्टाइनचे १९४४ सालच्या 'ऑन द टाउन' या संगीतिकेतील गाणे. डिसेंबर १९५८ मध्ये 'एव्हरीबडी डिग्ज बिल एव्हान्स' या तबकडीच्या ध्वनिमुद्रणात एव्हान्स हे गाणे वाजवण्याच्या बेतात असताना त्याच्या प्रारंभाच्या त्या दोन संघातांतच रमला, आणि त्यांतून एक स्वतंत्र एकल रचना उभी राहिली: 'पीस पीस', शांतीचा तुकडा. तबकडीवर ती आली. तिचे उगमस्थान असलेले 'सम अदर टाइम' त्याच वेळी मुद्रित झाले होते, परंतु मूळ तबकडीवर त्याला जागा मिळाली नाही. कॉम्पॅक्ट डिस्कच्या जमान्यात ते पुरवणी म्हणून जोडले गेले. एप्रिल १९५९ मध्ये तीच येरझार 'फ्लॅमेन्को स्केचेस'चा पाया झाली, आणि १९६१ च्या त्या रविवारी ती आपल्या मूळ गाण्यात परत आली. म्हणजे हे गाणे दादाच्या फितीवर तुटण्यापूर्वीच एकदा गाळले गेले होते, आणि गाळले जाऊनही दोन रचनांच्या पायात जिवंत राहिले होते. अध्यापकाला येथे प्रथम शंका आली, की 'हरवलेले' या शब्दाचा अर्थ आपण फार सोपा धरतो.

'काइंड ऑफ ब्लू'ने त्याला आणखी दोन धडे दिले. पहिल्या बाजूवरच्या तीन रचनांचा सूर त्याच्या घरच्या पेटीच्या कोणत्याच पट्टीशी जुळत नसे. तो दोन पट्ट्यांच्या मध्ये कोठेतरी, किंचित चढा राही. त्याने दोष आपल्या यंत्राच्या पट्ट्याला दिला. पण पट्टा सैल असेल तर दुसऱ्या बाजूचा सूर जुळावा कसा? उलगडा पुढे झाला. २ मार्च १९५९ च्या बैठकीत मुख्य ध्वनिमुद्रणयंत्र थोडे मंद गतीने चालले होते, त्यामुळे योग्य गतीने वाजवताना ती फीत चढ्या सुरात बोले. दुसऱ्या यंत्रावरील राखीव फीत वापरून ही चूक सुधारली गेली ती १९९२ साली. तीस वर्षांहून अधिक काळ जगभरच्या वादकांनी या तबकडीबरोबर सराव केला तो चुकलेल्या सुराशी आपले वाद्य जुळवून. दुसरा धडा नावांचा. आरंभीच्या काही प्रतींवर दुसऱ्या बाजूच्या दोन रचनांची नावे उलटसुलट छापली गेली होती: 'ऑल ब्ल्यूज'च्या जागी 'फ्लॅमेन्को स्केचेस' आणि तिच्या जागी ही. त्या प्रतीवरून जॅझशी ओळख झालेल्या कोणा श्रोत्याने आयुष्यभर एका रचनेवर दुसरीच्या नावाने प्रेम केले असेल. त्याच्या प्रेमाला अपपाठ म्हणावे काय?

वर्गात तो जे शिकवीत असे, त्याच्याशी हे सगळे ताडून पाहणे अपरिहार्य होते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ साली सुरू होऊन १९६६ साली पूर्ण झालेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती हा त्याच्या अध्यापनाचा आदर्श. वि. स. सुकथनकरांनी आदिपर्वाच्या १९३३ सालच्या उपोद्घातात आपले उद्दिष्ट संयमाने मांडले आहे: व्यासांचे स्वहस्ताक्षर शोधण्याचा दावा नाही, उपलब्ध हस्तलिखितांच्या आधारे जितके मागे जाता येईल तितके जाणे, एवढेच. हा संयम त्याला नेहमीच भावला. परंतु या पद्धतीच्या मुळाशी एक गृहीत आहे. प्रती अनेक असल्या तरी त्या कोणत्या तरी एका पूर्वरूपाकडे निर्देश करतात. भेद हे प्रवासात निर्माण झालेले, उगमाकडे गेले की ते कमी होत जातात. जॅझमध्ये नेमके उलट आढळते. उगमाकडे जावे तसतसे भेद वाढतात. तबकडीवर एक 'ऑल ऑफ यू' आहे. फितींच्या पेटीत त्या एकाच दिवसाची तीन आहेत. तिन्ही अस्सल, तिन्ही त्याच तिघा वादकांची, आणि तिन्हींत एकही दुसऱ्याची नक्कल नाही. यांपैकी प्रक्षिप्त कोणते? पर्यायी टेक हा पाठभेद आहे असे म्हणावे, तर मूळ पाठ कोणता हे सांगावे लागते. आणि ते ठरते निर्मात्याच्या टेबलावर, वादनानंतर.

मराठीतच याला जवळचे उदाहरण आहे. मूळ 'लीळाचरित्र' आक्रमणाच्या धामधुमीत नष्ट झाले आणि अनुयायांनी आठवणीतून ते पुन्हा सिद्ध केले, अशी महानुभावांची परंपरा आहे. त्या पुनःस्मरणातून अनेक पाठ जन्माला आले. हरवणे हेच तेथे पाठबहुलतेचे कारण झाले. अध्यापक हे दरवर्षी सांगत असे. परंतु आपल्या घरातल्या कपाटात एका फितीच्या रूपाने त्याच प्रश्नाची एक लहानशी प्रत पडून आहे, हे त्याने विद्यार्थ्यांना कधी सांगितले नाही.

नव्वदच्या दशकात कॉम्पॅक्ट डिस्क आल्या आणि गाळलेल्या जागा भरण्याचे युग सुरू झाले. त्याने ते युग एखाद्या भुकेल्या माणसासारखे अनुभवले. त्याच्या टिपणवहीत गाळण्याचे निरनिराळे प्रकार जमत गेले. काही गाळणे निव्वळ लांबीचे: चार्ल्स मिंगसच्या १९५९ सालच्या 'मिंगस आह अम'वरील नऊपैकी सहा रचना तबकडीत बसाव्यात म्हणून कापल्या होत्या, त्यांची पूर्ण रूपे १९७९ सालच्या 'नॉस्टॅल्जिया इन टाइम्स स्क्वेअर' या जोडतबकडीवर प्रकटली. काही गाळणे बदलीचे: ७ जुलै १९५६ च्या न्यूपोर्ट महोत्सवात ड्यूक एलिंग्टनच्या वृंदाने जो इतिहास घडवला, त्याच्या त्याच वर्षीच्या 'प्रत्यक्ष' तबकडीत बराचसा भाग नंतर स्टुडिओत पुन्हा वाजवून, वर टाळ्या चढवून तयार केलेला होता. पॉल गोन्साल्व्हिसची सॅक्सोफोनवरची ती २७ आवर्तने खरी होती, पण दूरवरून ऐकू आल्यासारखी. कारण तो 'व्हॉइस ऑफ अमेरिका' या नभोवाणीच्या ध्वनिक्षेपकासमोर वाजवत होता आणि कोलंबियाचा ध्वनिक्षेपक दुसरीकडे होता. नभोवाणीची फीत सापडल्यावर दोन्ही मुद्रणे शेजारी ठेवून १९९९ साली पूर्ण आवृत्ती निघाली. त्रेचाळीस वर्षे एक वादक आपल्याच सर्वोच्च क्षणी अर्धवट गैरहजर होता.

काही गाळणे मात्र कबुलीसह येते, आणि या प्रकाराने त्याला सर्वाधिक विचारात पाडले. जॉन कोलट्रेनचे 'अ लव्ह सुप्रीम' ९ डिसेंबर १९६४ रोजी चौघांनी मुद्रित केले. दुसऱ्या दिवशी सॅक्सोफोनवादक आर्ची शेप आणि बेसवादक आर्ट डेव्हिस यांना घेऊन कोलट्रेनने त्याच्या पहिल्या भागाचे आणखी मुद्रण केले, आणि मग ते बाजूला ठेवले. पण तबकडीच्या वेष्टनावरील आपल्या निवेदनात त्याने त्या दोघांचा उल्लेख केला, आणि त्यांच्या सहभागाचे ते मुद्रण तूर्त प्रसिद्ध होत नसल्याची खंतही नोंदवली. २००२ साली सहा जणांचे ते दोन टेक प्रसिद्ध होईपर्यंत ही कृतज्ञता एका रिकाम्या जागेभोवती उभी होती. ऐकल्यावर कळते, की कोलट्रेनने चौघांचीच निवड का केली असावी. पण ते कळण्यासाठी गाळलेले ऐकावे लागते. लेखकाने खोडलेली ओळ वाचल्याशिवाय खोडण्यातला विवेक दिसत नाही; आणि वाचली, की तिची खोड पूर्ण राहत नाही. चार्ली पार्करचे २९ जुलै १९४६ चे 'लव्हर मॅन' तो शरीरमनाने कोसळत असताना मुद्रित झाले आणि त्याच्या तीव्र नाराजीला न जुमानता प्रसिद्धही झाले. ते ऐकणारा प्रत्येक श्रोता, कितीही सहृदय असला तरी, एका बंद दाराला कान लावून उभा असतो. समग्रतेच्या ओढीत हा अपराध मिसळलेला असतो, हे अध्यापकाने स्वतःशी मान्य केले होते.

आणि काही गोष्टी कायमच्या गेल्या. १९७८ साली न्यू जर्सीतील लाँग ब्रँच येथे अटलांटिक कंपनीच्या गोदामाला लागलेल्या आगीत अप्रकाशित फितींचा प्रचंड साठा भस्म झाला. तेथे श्रोत्याच्या हाती उरते ती बहुतेक वेळा फक्त सूची: तारीख, क्रमांक, रचनेचे नाव.

डीन बेनेडेटीचे उदाहरण मात्र त्याला स्वतःच्या फितीच्या सर्वांत जवळचे वाटे. हा तरुण सॅक्सोफोनवादक १९४७-४८ मध्ये चार्ली पार्करचे क्लबांतले वादन मुद्रित करीत फिरला. पण त्याला हवा होता फक्त पार्कर. पार्करचे एकल वादन संपले की तो मुद्रण थांबवी. १९९० साली ही मुद्रणे सात डिस्क्सच्या संचात निघाली, तेव्हा ऐकणाऱ्यांना शेकडो तुकडे मिळाले: रचनेला आरंभ नाही, शेवट नाही, सहवादक जवळजवळ नाहीत. या पाठात जे गाळले आहे ते वादकाने किंवा कंपनीने गाळलेले नाही. ते एका श्रोत्याच्या प्रेमाने गाळले आहे. बेनेडेटी हा निष्काळजी लिपिकार नव्हता. तो पक्षपाती लिपिकार होता, आणि त्याचा पक्षपात हाच त्या संचाचा आशय आहे. हे लिहून ठेवताना अध्यापकाच्या मनात दादाचा विचार आला नाही. दादा त्याच्या लेखी तोवर निष्काळजी लिपिकारच होता.

'वॉल्ट्झ फॉर डेबी'ची डिस्क त्याच्या हाती आली १९९४ साली. अकरा वर्षांनी 'सम अदर टाइम' पूर्ण ऐकले: पाच मिनिटांहून थोडे अधिक. तुटण्याची जागा जवळ आली तसा त्याचा श्वास अडखळला. ती जागा ओलांडून पियानो पुढे गेला, आपले वाक्य पूर्ण केले, गाणे शांतपणे संपले. त्याला आनंद व्हायला हवा होता. झाले ते वेगळेच. त्या जागेनंतरची दोन मिनिटे त्याला परकी वाटली, कोणा चांगल्या कवीने दुसऱ्याच्या अपूर्ण कवितेला जोडलेल्या ओळींसारखी. ज्यांचे प्रामाण्य वादातीत होते, त्याच त्याच्या कानाला प्रक्षिप्त वाटल्या. पुढे कितीही वेळा ऐकले तरी त्याचा कान त्या जागी क्षणभर थांबतोच. पाठचिकित्सेत वाचकाच्या स्मरणातील पाठाला स्थान नाही. तरीही परंपरा म्हणजे दुसरे काय असते, हा प्रश्न त्या दिवसापासून त्याच्याबरोबर राहिला.

२००५ साली त्या रविवारचे समग्र मुद्रण तीन डिस्क्सवर, पाच बैठकींच्या मूळ क्रमाने निघाले. तेरा रचना, बहुतेकींचे एकाहून अधिक टेक. दोन तबकड्यांनी विस्कटून पुन्हा रचलेला दिवस प्रथमच दिवस म्हणून ऐकू आला: ग्लासांची किणकिण, कोणाचे हसणे, विरळ टाळ्या, आणि रात्रीच्या शेवटी लफारोच्या 'जेड व्हिजन्स'चे लागोपाठ दोन टेक, जणू त्याच्या या रचनेने दिवस संपावा अशी कोणाची इच्छा असावी. पण या समग्रतेची पहिलीच रचना त्रुटित आहे. 'ग्लोरियाज स्टेप'च्या पहिल्या टेकमध्ये वीज गेली. संगीत मध्येच नाहीसे होते आणि काही क्षणांनी परत येते. तळघरात बसलेल्या त्या मोजक्या श्रोत्यांनी ते अखंड ऐकले असेल; फितीने नाही. संपादकांनी दुसऱ्या टेकमधला तुकडा आणून ते भोक बुजवले नाही, समग्र आवृत्तीच्या दाराशी ते तसेच ठेवले. अध्यापकाला हा निर्णय सुकथनकरांना मान्य झाला असता असे वाटले.

अशाच निर्णयाची वेळ त्याच्यावर आली ती बरीच पुढे. दादा २००९ साली गेला. त्यानंतर काही वर्षांनी पुतणीने ती कॅसेट मागितली. फीत जुनी झाली होती, थरथरत होती. ती संगणकावर उतरवून द्यावी, एवढेच तिचे मागणे. 'काका, ते तुटलेलं गाणं पूर्ण करूनच दे ना,' ती म्हणाली. 'आणि शेवटचंही जोड. यादीत आहे म्हणजे बाबांना ते हवंच होतं.' युक्तिवाद पाठचिकित्सेच्या दृष्टीने निर्दोष होता: यादी हा लेखकाच्या हेतूचा स्वहस्तलिखित पुरावा, फीत ही सदोष प्रत, आणि दोष दुरुस्त करण्यास उत्तम साधन उपलब्ध.

उतरवताना दोघांनी ती फीत प्रथमच एकत्र ऐकली. 'डीटूर अहेड' संपल्यावर एक खरखर आली, क्षणभर शांतता, आणि मग जड असा एक ठोका. त्यानंतर 'माय रोमान्स'. पुतणीने विचारले, हे काय? तबकडी उलटून सुई दुसऱ्या बाजूवर टेकवल्याचा तो आवाज होता. चाळीस वर्षे त्याने तो ऐकला होता आणि कधीच ऐकला नव्हता. रॉटरडॅममधल्या कोणा मित्राच्या खोलीत, १९८३ साली, दादाचा हात. जगातल्या कोणत्याही समग्र आवृत्तीत तो नाही.

मग तिने फीत उलटली. दुसऱ्या बाजूवर दादाच्या अक्षरात 'आई' एवढेच लिहिले होते. जहाजावर गेलेल्या मुलांना त्या काळी घरातून बोलकी पत्रे जात. एका बाजूस घरचे बोलत, दुसरी बाजू उत्तरासाठी कोरी ठेवत. आई गेल्यापासून अध्यापकाने ती बाजू लावली नव्हती. आता आईचा आवाज आला, किंचित चढ्या सुरात, कारण फीत उतरवताना यंत्र मंद चालले असावे. पावसाने मागची खोली गळते आहे. धाकटा परीक्षेला बसतो आहे, रात्र रात्र जागतो, त्याला काहीतरी चांगले पाठव. स्वतःच्या जेवणाकडे लक्ष दे. अखेरीस वडील बाजूने सांगतात की फीत संपत आली, आणि आई घाईघाईने उरलेले बोलू लागते. बाजू काठोकाठ भरलेली होती.

तीस मिनिटांच्या कोऱ्या बाजूवर अडतीस मिनिटांची तबकडी. उरलेले संगीत नोंदवण्यास जागा होती, ती या बाजूवर. आणि तेथे काही नोंदवायचे तर आई पुसावी लागली असती. दादाने यादी पूर्ण लिहिली, कारण काय पाठवायचे होते ते त्याला सांगायचे होते. गाणे तुटू दिले, कारण काय पुसायचे नाही ते त्याला ठाऊक होते. ज्याला त्याने इतकी वर्षे लेखकप्रमाद मानले, तो एका संपादकाचा निर्णय होता. त्याचा पुरावा शोधण्यासाठी कोणत्याही ग्रंथालयात जाण्याची गरज नव्हती. फीत उलटणे पुरेसे होते. आणि ज्या बाजूचा पाठ तो स्वतंत्र संहिता म्हणून अभ्यासत आला, ती बाजू एका पत्राचे उत्तर होती.

पुतणीने गाणे पूर्ण करण्याचा आग्रह पुन्हा धरला नाही. त्याने दोन्ही बाजू जशाच्या तशा, खरखर, ठोका आणि तुटण्यासह, उतरवून दिल्या. यादीही तशीच नकलून दिली, सहाही नावांची. 'सम अदर टाइम' आणि 'माइलस्टोन्स'ची पूर्ण रूपे त्याने वेगळी दिली, परिशिष्ट म्हणून, आणि वर एक ओळ लिहिली: हे या फितीवर कधीही नव्हते.